मॉन्टेसरी आणि आपली कोकणातली पोरं: पालक सारखे विचारतात ते प्रश्न

मी बालवर्ग चालवते, त्यामुळे हे प्रश्न मला वर्गाच्या दारात विचारतात, बाजारात विचारतात आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर पण विचारतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलंय. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे पुढे अडचणीचे. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की तिथे नंबर दिलाय.

१. ताई, मॉन्टेसरी मॉन्टेसरी म्हणतात ते नक्की असतं तरी काय?

मारिया मॉन्टेसरी या इटलीतल्या डॉक्टर. १९०७ साली त्यांनी रोमच्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत लहान मुलांसाठी एक घर सुरू केलं, आईबाप कामाला जायचे आणि पोरं दिवसभर मोकाट असायची म्हणून. तिथे त्यांना असं दिसलं की मुलांना खऱ्या कामाची ओढ असते, झाडणं, पुसणं, वस्तू जागेवर लावणं, बटणं लावणं, आणि एकदा काम आवडलं की मूल तासभर पण मान वर करत नाही. मग त्यांनी त्यासाठी साहित्य तयार केलं, मुलांच्या मापाचं फर्निचर केलं आणि मोठ्या माणसाने काय करायचं, त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, ते ठरवलं.

थोडक्यात, मुलाला जे स्वतःच्या हाताने करता येईल ते आपण करून द्यायचं नाही. एकदा सावकाश दाखवायचं, जमेल तेवढं कमी बोलून, आणि मागे सरकायचं. बाकी सगळं याच्यातूनच येतं. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या, चेन्नईला अड्यारला राहिल्या, युद्धामुळे मुक्काम लांबला आणि त्या काळात इथल्या खूप शिक्षकांना त्यांनी स्वतः शिकवलं, त्यामुळे आपल्याकडे हे काही काल-परवा आलेलं फॅड नाहीये.

२. मग साध्या नर्सरीपेक्षा यात वेगळं काय?

नर्सरीत बहुतेक वेळा सगळी मुलं एकाच वेळी एकच गोष्ट करतात, बाई म्हणतील तेव्हा रंगवायचं, घंटा झाली की बंद. मॉन्टेसरी वर्गात साधारण अडीच-तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र असतात आणि प्रत्येक जण आपापलं काम निवडतो. मोठ्यांचं बघून लहान शिकतात आणि लहानांना दाखवता दाखवता मोठ्यांचं पक्कं होतं. कामाचा वेळ सलग असतो, पद्धतीप्रमाणे तीन तास, मध्ये कोणी उठवत नाही. बक्षीस नाही, स्टार नाही, शिक्षा नाही. आणि साहित्य असं असतं की चूक मुलाची मुलालाच कळते, म्हणजे लाकडी दट्टे भोकांत बसवताना एक चुकला तर शेवटी एक दट्टा उरतो नाहीतर बसतच नाही, मग बाईंना “चूक” म्हणायची गरज पडत नाही.

३. आमच्या गावात बोर्डावर ‘मॉन्टेसरी’ लिहिलंय, ते खरं आहे का कसं ओळखायचं?

हे नाव कोणाच्या मालकीचं नाही, कोणीही बोर्डावर लिहू शकतो, त्यामुळे बोर्ड बघू नका, आत जाऊन अर्धा तास बसा. कपाटं उघडी आणि मुलाच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर आहेत का? साहित्य वापरून मऊ झालेलं, हाताळलेलं दिसतंय का, की प्लास्टिकच्या आवरणात शोभेला ठेवलंय? बाई बोलतात किती आणि मुलं करतात किती? वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र आहेत का? शिक्षिकेने मॉन्टेसरीचं ट्रेनिंग कुठून, किती महिन्यांचं घेतलंय हे सरळ विचारा, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

तीन वर्षांच्या मुलाला चार ओळींच्या वहीत एबीसीडीचा होमवर्क येत असेल तर बोर्डावर काहीही असो, ती मॉन्टेसरी नाही. उलट एखाद्या साध्या बालवाडीत बाई प्रेमळ असतील, मुलांना माती-पाण्यात हात घालू देत असतील, तर मी डोळे झाकून तिथे घाला म्हणेन.

४. माझं बाळ दीड वर्षाचं आहे, आत्तापासून काही सुरू करू का?

क्लास नको, घर पुरे. या वयात त्याला चालायचं असतं, उचलायचं असतं, एकातून काढून दुसऱ्यात टाकायचं असतं. खालच्या एका फळीवर त्याच्या तीन-चार वस्तू ठेवा, पसारा नको. वाटी-चमचा त्याचा त्याला द्या, सांडेल, सांडू दे. भाजी निवडताना शेजारी बसवा आणि शेंगेला शेंगच म्हणा, बोबडं बोलू नका. नावं ऐकायची भूक याच वयात असते, मासळी आणलीत की बांगडा, सुरमई, मांदेली, कोळंबी असं एकेक दाखवून सांगा.

५. अडीच ते तीन वर्षांच्या मुलाला घरी नेमकं काय द्यायचं?

रोजच्या जगण्यातली कामं. याला मॉन्टेसरीत खूप मान आहे आणि आपल्याकडे नेमकं याच्यावरच पालक नाराज होतात, “फी भरून पाणी ओतायलाच शिकवता का” असं मला तोंडावर विचारलंय. हो, तेच शिकवते, आणि का ते सांगते.

दोन छोटे स्टीलचे तांबे घ्या, एकात अर्ध्यापर्यंत पाणी, खाली ताट आणि बाजूला एक फडकं. तुम्ही एकदा ओतून दाखवा, अगदी हळू, न बोलता. मग मूल ओततं तेव्हा नीट बघा: पहिल्यांदा पाणी धबकन पडतं, मग ते तांब्याची कड दुसऱ्याच्या कडेला टेकवायला लागतं, जीभ बाहेर येते, श्वास थांबतो, शेवटचा थेंब पडेपर्यंत ते तांबा वाकडाच धरून ठेवतं, आणि सांडलेलं दिसलं की न सांगता फडक्याकडे हात जातो. हाताची पकड, डोळा आणि हात यांचा मेळ, कामाला सुरुवात-मध्य-शेवट असतो ही समज, सगळं त्या दोन मिनिटांत आहे. पुढे पेन्सिल धरायची ती याच हाताने धरायची आहे.

असंच तांदूळ एका वाटीतून दुसरीत चमच्याने काढणं, आपली चप्पल जोडीने लावणं, रुमालाच्या घड्या, केळं सोलणं, तुळशीला पाणी घालणं. घरच्या आजीला विचारा, तिच्या लहानपणी पोरं हे सगळं अशीच करायची.

६. तीन ते चार वर्षांत काय वाढवायचं?

वरचं सगळं चालूच, त्यात आता बटणं, चेन, नाडी (जुन्या युनिफॉर्मचा शर्ट लाकडी चौकटीवर ताणून लावा, झाली बटणाची फ्रेम), आणि याच वयात कान-नाक-डोळे-हात यांचं काम. मॉन्टेसरी वर्गात गुलाबी मनोरा असतो, १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंतचे दहा ठोकळे, मूल ते मोठ्यापासून लहानापर्यंत रचतं. रंगांच्या पाट्या असतात, खरखरीत-गुळगुळीत फळ्या असतात, वासाच्या बाटल्या असतात. वासाच्या बाटल्या तर आपल्या स्वयंपाकघरात तयारच आहेत: आमसूल, वेलची, तिरफळ, हिंग, सुकं खोबरं. डोळे मिटून ओळखायचं.

नाव शिकवायची एक तीन पायऱ्यांची रीत आहे, ती सगळ्यांनी शिकून घ्यावी. दोन शिंपल्या घ्या, एक खडबडीत आणि एक गुळगुळीत. पहिली पायरी, बोट फिरवायला देऊन सांगायचं, “ही खडबडीत. ही गुळगुळीत.” एवढंच. दुसरी पायरी, “खडबडीत दे बघू मला. गुळगुळीत माझ्या हातावर ठेव.” इथे जास्त वेळ रेंगाळा, हा खेळच आहे. तिसरी, “ही कशी आहे?” तिसरीत मूल अडलं तर “अरे आत्ताच तर सांगितलं” म्हणायचं नाही, गप्प परत पहिल्यावर यायचं, किंवा उद्या. आपण घरी सरळ तिसरीवर उडी मारतो, पाहुण्यांसमोर “हा कुठला रंग सांग” करतो, आणि पोर गोंधळतं.

७. ते साहित्य ऑनलाइन बघितलं, हजारोंच्या घरात जातं. परवडत नाही, मग काय?

मग नका घेऊ. हे मी समजूत काढायला म्हणत नाहीये, याला आपल्याच किनाऱ्यावरचा इतिहास आहे. ताराबाई मोडक आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर मॉन्टेसरी पद्धतीवर काम करत होत्या, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पण परदेशी साहित्य खेड्यातल्या गरीब मुलापर्यंत पोचणार नाही हे त्यांना दिसत होतं, म्हणून १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, पालघरच्या समुद्राकाठी, आणि तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. दोघींनी शंख-शिंपले, बिया, पानं, माती, गारगोट्या असल्या गोष्टींतून बालवाडीचं साहित्य उभं केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, त्याला अंगणवाडी म्हणायला लागले. १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. रोममधल्या वर्गात जे चालतं ते बोर्डीच्या अंगणात शिंपल्यांवर चालतं हे या दोघींनी करून दाखवलंय, आपल्याला फक्त अंगणात उतरायचंय.

आता घरी काय करायचं ते. चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्या सुताराकडून कापून घ्या, १० सेंटिमीटरपासून १०० पर्यंत, प्रत्येक पुढची १० ने लांब, कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, लाल रंग द्या, हे झाले मॉन्टेसरीचे लाल दांडे. करवंट्या घासून वाट्या होतात, लहान-मोठ्या क्रमाने लावायच्या. किनाऱ्यावरून आणलेल्या शिंपल्या साबणाच्या पाण्यात भिजवून, कडक उन्हात वाळवून, धारेच्या कडा असलेल्या टाकून द्यायच्या, उरलेल्या आकाराप्रमाणे, रंगाप्रमाणे निवडायच्या. सावंतवाडीला चितार आळीत लाकडी खेळणी मिळतात, तिथली लाकडी फळं-भाज्या ओळखायला आणि नावं शिकायला छान आहेत, तोंडात घालणारं मूल असेल तर रंगाची चौकशी करून घ्या.

एकच काळजी घ्या, घरचं साहित्य म्हणजे टाकाऊ नव्हे. ट्रे स्वच्छ हवा, काही फुटलेलं-मोडलेलं नको, प्रत्येक कामाची जागा ठरलेली हवी. मूल सुंदर वस्तूला सुंदर हात लावतं.

८. परसातल्या बिया मोजायला दिल्या तर चालतात ना?

सगळ्या नाही, आणि हे उत्तर आजी-आजोबांना वाचून दाखवा. गुंजा लालचुटुक असतात म्हणून मुलांना हव्या असतात पण गुंज विषारी आहे, फुटलेली किंवा चावलेली एक बी पण लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, एरंड, मोगली एरंड, ही सगळी विषारी, खेळायला पण नकोत. ओल्या काजूच्या बीच्या सालीत चीक असतो, त्याने कातडी भाजते. सुपारी मोजायला दिली तर ती तोंडात जाते, नको.

चालतात त्या म्हणजे चिंचोके, वाळवलेल्या फणसाच्या आठळ्या, सागरगोटे, कवड्या. पण तीन वर्षांच्या आतल्या मुलाला, किंवा अजून सगळं तोंडात घालणाऱ्या कुठल्याही वयाच्या मुलाला, साधारण ३ सेंटिमीटरपेक्षा लहान बी, कवडी, खडा असलं काहीच द्यायचं नाही, घशात अडकतं. आणि लहान वस्तूंचं काम नेहमी मोठं माणूस समोर असताना.

पाण्याच्या कामाबद्दल पण लिहिते. स्वावलंबन म्हणजे मुलाला एकट्याने विहिरीवर, पाणंदीतल्या व्हाळावर पाठवणं नव्हे. विहिरीला कठडा आणि जाळी हवीच, बादली भरून ठेवली तर झाकून ठेवा.

९. आकडे कधी? चार वर्षांचा झाला, शेजारचा शंभरपर्यंत म्हणतो.

म्हणणं आणि मोजणं यात फरक आहे. शेजारच्याला सात शिंपल्या काढून दे म्हणा आणि बघा. मॉन्टेसरीत आधी हाताला ‘सात’ कळतो, मग कागदावरचा ७.

चार वर्षांच्या आसपास नऊपर्यंतच्या काड्यांचं काम घ्या. एका खोक्याला दहा कप्पे, ० ते ९ लिहिलेले, आणि माडाच्या हिराच्या ४५ काड्या, बरोब्बर ४५, कारण एकपासून नऊपर्यंतची बेरीज तेवढीच होते. मूल १ मध्ये एक टाकतं, २ मध्ये दोन, आणि ९ ला काड्या पुरल्या नाहीत किंवा उरल्या तर कुठेतरी चुकलंय हे त्यालाच कळतं. शून्याचा कप्पा रिकामा राहतो. काही मुलं तिथे बोट घालून बघतात, काही नाहीये ना खरंच, म्हणून. शून्य शिकवायची याच्याहून चांगली रीत मला माहीत नाही.

ते पक्कं झालं की दहा काड्यांची जुडी रबराने बांधायची, दहा जुड्यांचा एक भारा. शंभर किती जाड असतात ते हातात आलं की एकक-दशक-शतक पाठ करावं लागत नाही. वर्गात हेच सोनेरी मण्यांनी करतात, एक मणी, दहाची माळ, शंभरचा चौकोन, हजाराचा ठोकळा.

१०. आधी गमभन की एबीसीडी? आणि लिहायला कधी बसवू?

जी भाषा घरात बोलता तिची अक्षरं आधी. अ आ इ ई या क्रमाने जायची गरज नाही, आपल्याकडे ग म भ न ने सुरुवात करायची पद्धत आहेच कारण त्यांची वळणं एकमेकांतून निघतात. फक्त म आणि भ मुलाला सारखे वाटत असतील तर मध्ये चार दिवस जाऊ द्या, तसंच घ-ध आणि ब-व.

पॉलिश पेपरची अक्षरं कापा, पुठ्ठ्यावर चिकटवा, मुलाने दोन बोटांनी लिहायच्या वळणानेच गिरवायचं आणि आवाज म्हणायचा. साडेतीन-चारपासून हे चालतं. मग सुटी अक्षरं देऊन शब्द जुळवायचे, नथ, मगर, गवत, बदक. मूल पेन्सिलने लिहायच्या आधी असे शब्द ‘लिहू’ शकतं, कारण डोकं तयार असतं, हात अजून तयार नसतो. काना, मात्रा, वेलांटी वेगळ्या रंगात कापा म्हणजे अक्षराला काय लागलंय ते दिसतं. जोडाक्षरं शेवटी, पाच-साडेपाचला.

हात कसा तयार होतो? पीठ मळून, ओला फडका पिळून, रांगोळीचे ठिपके काढून, अबोली ओवून. वही त्याच्यानंतर, साधारण पाचच्या पुढे, आणि मूल स्वतः मागायला लागतं तेव्हा. तीन वर्षांच्या बोटात पेन्सिल कोंबून फक्त कंटाळा शिकवला जातो. इंग्रजी ऐकू दे, गाणी म्हणू दे, अक्षरं मराठीची पक्की झाल्यावर सहज येतात.

११. घरी मालवणी बोलतो, त्याने मुलाचं मराठी बिघडेल का?

नाही. घरची भाषा म्हणजे मुलाचा पाया, ती भक्कम असेल तर दुसरी भाषा तिच्यावर चढते. मूल “माका व्हया” म्हणालं तर हसू नका, दुरुस्त पण करू नका, तुम्ही आपलं “हे हवंय का तुला, घे” म्हणून पुढे चला, दोन्ही कानावर पडतं. मी वर्गात मालवणी गोष्टी सांगते आणि प्रमाण मराठीत पण सांगते. आगरी, कोळी, कुणबी, दालदी, घरात जी असेल ती बोला. पालकच घाबरून मोडकं इंग्रजी बोलायला लागतात तेव्हा मूल धड कुठलीच भाषा ऐकत नाही, त्याची मला जास्त भीती वाटते.

१२. पाच-सहा वर्षांच्या मुलाला अजून पाणी ओतणंच का?

नाही, आता काम मोठं हवं. घावण्यांचं पीठ ढवळणं, भाकरीचं पीठ मळणं, काकडी बोथट सुरीने कापून सगळ्यांना वाढणं, लहान भावंडाला चप्पल घालून देणं, बाजारातली यादी स्वतः लिहिणं मग भले शुद्धलेखन कसंही असो. नकाशा, झाडांची पानं, कुठलं पान माडाचं कुठलं पोफळीचं, भरती-ओहोटीच्या वेळा कॅलेंडरवर लिहिणं, बेरीज-वजाबाकी (वर ९ मधल्या जुड्यांनीच). मॉन्टेसरी शाळेत हे तिसरं वर्ष सगळ्यात महत्त्वाचं धरतात आणि नेमकं तेव्हाच पालक मुलाला काढून ‘खऱ्या शाळेत’ सीनियर केजीला घालतात. शक्य असेल तर हे वर्ष पूर्ण करू द्या.

१३. तो एकच काम दहा-दहा वेळा करतो, काही प्रॉब्लेम तर नाही ना?

बहुतेक वेळा नाही, उलट तेच तर हवंय. मूल काम संपवण्यासाठी करत नाही, स्वतःला घडवण्यासाठी करतं, मन भरलं की आपसूक उठतं. मध्ये “शाब्बास” पण म्हणू नका, लक्ष तुटतं. मात्र तो नजर देत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, वस्तू नुसती फिरवत बसत असेल आणि बोलणं पण मागे असेल तर २० नंबरचं उत्तर वाचा.

१४. स्वातंत्र्य द्यायचं म्हणजे हट्ट केला तरी चालू द्यायचं का?

अजिबात नाही. काम निवडायला मोकळीक आहे, दुसऱ्याला मारायला नाही, वस्तू फेकायला नाही, घेतलेलं तसंच टाकून जायला नाही. नियम थोडे असावेत आणि रोज तेच असावेत, आज आई चालू देते उद्या बाबा ओरडतात असं झालं की मूल हट्टच करणार. फेकलं तर शांतपणे काम उचलून ठेवायचं, “हे आज झालं, उद्या परत घेऊ”. मारायचं नाही, कोंडायचं नाही, बागुलबुवा दाखवायचा नाही. आणि पर्याय दोनच द्या, “लाल शर्ट की निळा?” सगळं कपाट उघडून “काय घालतोस” विचारलं तर मोठ्या माणसाला पण सुचत नाही.

१५. आजी अजून भरवते, चपला पण तीच घालते. तिला कसं सांगू?

आजीला चुकीचं ठरवून काही होणार नाही, तिची माया खरी आहे. तिला काम द्या, शिकवायचं. वाल कसे सोलायचे, वात कशी वळायची, सुपात तांदूळ कसे निवडायचे, हे आजीइतकं सावकाश कोणी दाखवत नाही, आणि मॉन्टेसरीला नेमकं तेच सावकाश दाखवणं हवंय. भरवायचंच असेल तर पहिले चार घास मुलाचे त्याने खायचे, मग शेवटचा आजीचा. एवढी तडजोड बहुतेक घरांत चालते. घाईच्या सकाळी तुम्हीच बूट घालून दिलेत तरी आभाळ कोसळत नाही, रविवारी त्याला पूर्ण वेळ द्या.

१६. पावसाळ्यात चार महिने घरात कोंडलेली पोरं, करायचं काय? मोबाईलच लागतो हातात.

पडवीत खडूने मोठी लंबगोल रेघ काढा, त्या रेघेवर पाय पुढे पाय ठेवत चालायचं, आधी नुसतं, मग हातात पाण्याने भरलेलं फुलपात्र घेऊन, मग घंटी घेऊन ती वाजू न देता. अर्धा तास आरामात जातो आणि तोल सुधारतो.

शांततेचा खेळ तर पावसातच खेळावा. सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं आणि ऐकायचं, कौलांवरचा पाऊस वेगळा, पत्र्यावरचा वेगळा, पन्हळीतून पडणारा वेगळा, लांब बेडूक. मग एकेकाला अगदी हळू आवाजात नावाने बोलवायचं, नाव ऐकू आलं की आवाज न करता उठून यायचं. दंगेखोर मुलं यात सगळ्यात जास्त रमतात.

शिवाय पावसाळ्याचीच कामं आहेत: रेनकोट उलटा करून टांगणं, छत्री मिटणं, पायांचा चिखल धुणं, दारातलं पाणी पोत्याने पुसणं. आणि ओलं होऊ द्या हो थोडं, लावणीच्या वेळी शेताच्या बांधावर न्या.

मोबाईलचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत दोन वर्षांपर्यंत एका जागी बसून स्क्रीन बघणं नकोच म्हटलंय आणि दोन ते चार वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तो पण कमी केलेला बरा. जेवताना तर नकोच.

१७. आमच्याकडे फक्त अंगणवाडी आहे, तिथे घालून काही उपयोग?

घाला, नक्की घाला. अंगणवाडीची कल्पना ताराबाई-अनुताईंकडून आली हे वर ७ मध्ये लिहिलंय, सरकारी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिथे आहार आहे, वजन-उंची घेतात, लसीकरणाकडे लक्ष असतं आणि मिश्र वयाची मुलं एकत्र असतात. सेविकाताईंवर रजिस्टरं भरायचं ओझं भयंकर आहे, म्हणून पालकांनी हात लावा: आठवड्यातून एक दिवस जाऊन बसा, शिंपल्या-काठ्या तयार करून द्या, खालची एक फळी लावून द्या. पद्धतीला इमारत लागत नाही.

१८. इथून पुढे पहिलीला साध्या शाळेत गेल्यावर त्रास होईल का?

पहिले काही आठवडे मूल वर्गात उठून फिरेल, बाईंना विचारून पाणी प्यायचं असतं हे त्याला नवं असेल. ते शिकतं लवकर. लक्ष देऊन बसणं, आपलं दप्तर आपण भरणं, न समजलेलं विचारणं याची सवय असते त्याचा फायदाच होतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि पहिलीला सहा पूर्ण हवीत, त्यामुळे पाचव्या वर्षी पहिलीत ढकलायची घाई करू नका. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तोंडी परीक्षा घेतात म्हणून घाबरून शेवटच्या वर्षी ट्यूशन लावणारे पालक आहेत, तेवढं करू नका.

१९. मुलगी डाव्या हाताने करते, बदलू का?

नाही. जेवणाचा हात म्हणून आजी टोकेल, तिला समजवा, पण हात बांधणं, फटका मारणं कधीच नाही. फक्त ट्रे मांडताना वस्तू तिच्या बाजूने मांडा आणि दाखवताना तिच्या समोर बसा.

२०. तीन वर्षांचा होऊनही नीट बोलत नाही. मॉन्टेसरीने बोलेल का?

आधी तपासणी, मग मॉन्टेसरी. कान तपासून घ्या, कमी ऐकू येणारं मूल ‘हट्टी’ ठरतं असं खूप होतं. अंगणवाडीतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून वर्षातून दोनदा तपासणी होते, त्या पथकाला स्पष्ट सांगा, गरज असेल तर ते जिल्हा रुग्णालयातल्या केंद्राकडे पाठवतात आणि ते उपचार मोफत असतात. “त्याचा काका पण उशिरा बोलला” म्हणून वर्ष घालवू नका, या वयातलं वर्ष फार मोठं असतं.

तपासणीबरोबर ही पद्धत नक्की उपयोगी पडते. मॉन्टेसरीबाईंनी आपल्या कामाची सुरुवातच अशा मुलांपासून केली ज्यांना लोकांनी मतिमंद म्हणून बाजूला टाकलं होतं, आणि आज वर्गात जे साहित्य आहे त्यातलं बरंच त्या मुलांबरोबर काम करता करता घडलं. हाताचं काम, तीच वस्तू तेच नाव, तीन पायऱ्या (६ बघा), कोणाशी तुलना नाही. फक्त शिक्षिकेला काय निदान झालंय ते लपवू नका.

२१. गणपतीत मुंबईची सगळी माणसं येतात, दहा-बारा दिवसांत सगळी सवय मोडते. परत कशी लावू?

गणपतीत वर्ग मांडू नका, मूल त्या दिवसांत भरपूर शिकत असतं. त्याला त्याच्या मापाचं काम द्या: दूर्वा मोजून एकवीसची जुडी, पानांवर मीठ वाढणं, आरतीला झांजा, माटवीला (गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीला) बांधायची फळं-फुलं ओळखणं. मुंबईहून आलेल्या चुलत भावंडांना पण त्याच कामात घ्या, त्यांना काय येत नाही याची चर्चा न करता. लाड होणार, चॉकलेटं येणार, रात्री जागरणं होणार, त्यावर त्या दिवसांत भांडण काढू नका.

पाहुणे गेले की पहिले दोन दिवस नुसती झोप आणि जेवणाची वेळ जागेवर आणा. तिसऱ्या दिवशी फळीवर तीनच कामं ठेवा, ती पण त्याला आधीपासून येणारी, सोपी. आठवडाभर नवीन काही दाखवू नका.